घर नाही पण मुलं आहेत: इंदूरच्या बेघर कुटुंबांबद्दल आम्हाला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आम्ही रामबाग, नारायण बाग, लोकमान्य नगर या भागातल्या पाच-सहा जणी. दर शनिवारी संध्याकाळी सरवटे बस स्टँडच्या मागं आणि एमवाय या सरकारी हॉस्पिटलच्या बाहेर मुलांना घेऊन बसतो, अभ्यास घेतो, कागदांची कामं करून देतो. तिथल्या आया काही विचारतात, आपल्या मराठी मंडळातले लोक काही वेगळंच विचारतात, दोन्हीकडचे प्रश्न इथं एकत्र लिहिलेत. तुमच्या कामाचा प्रश्न शोधा आणि तेवढंच वाचलं तरी चालेल.

बेघर कुटुंब म्हणजे नक्की कोण? झोपडीवाले पण यात येतात का?

जनगणनेच्या हिशोबात जे कुठल्याच घरात राहत नाहीत ते बेघर, म्हणजे फुटपाथवर, पुलाखाली, मोठ्या पाईपात, जिन्याखाली, देवळाच्या ओट्यावर, प्लॅटफॉर्मवर झोपणारे. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत ही मोजणी झाली आणि देशभरात १७.७ लाख लोक असे निघाले. आता विचार करा, एका रात्रीत मोजलेले. जो त्या रात्री एमवायच्या व्हरांड्यात पेशंटजवळ झोपला होता तो सुटला, जी बाई दोन पोरं घेऊन आत्याकडं चार दिवस पडून होती ती पण सुटली.

म्हणून आम्ही काम करताना व्याख्या मोठी धरतो. झाबुआ, आलिराजपूर, धार, बडवानीकडून कामाला आलेलं कुटुंब बिल्डिंगचं काम चालू आहे तोवर साईटवर राहतं आणि काम संपलं की फुटपाथवर येतं, तेही आमच्यासाठी बेघरच. भाडं थकलं म्हणून खोलीतून निघालेले, झोपडी तुटलेले, घरातून हाकलून दिलेल्या बाया, सगळे. आणि हे सगळे बाहेरचेच असतात असं समजू नका. १२ डिसेंबर १९९१ ला हुकुमचंद मिल बंद पडली, कामगारांचे थकलेले पैसे मिळायला डिसेंबर २०२३ उजाडला, बत्तीस वर्षं गेली. मालवा मिल, पाटणीपुरा भागातल्या जुन्या लोकांना विचारा त्या वर्षांत किती घरं विकली गेली ते.

ताई, कुठं नाव लिहून दिलं तर माझी पोरं घेऊन जातील का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि कोणी मोठ्यानं विचारत नाही. भांडी आवरताना, खाली बघत, हळूच विचारतात.

घर नाही, पैसा नाही, एवढ्याच कारणानं तुमचं मूल तुमच्यापासून कायमचं तोडता येत नाही. पण खोटा धीरही देणार नाही, म्हणून पूर्ण सांगते. किशोर न्याय कायदा, २०१५ चा, त्यात देखभाल आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल कोण हे लिहिलंय आणि त्यात राहायला ठिकाण नसलेलं, पोट भरायचं साधन नसलेलं, रस्त्यावर राहणारं, भीक मागणारं मूल येतं. म्हणजे अशा मुलाला बाल कल्याण समितीपुढं, अशा मुलांबद्दल निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीपुढं, नेता येतं. पण समितीपुढं नेणं वेगळं आणि काढून घेणं वेगळं. त्याच कायद्याच्या कलम ३ मधे सगळं काम कशाच्या आधारावर करायचं ते दिलंय, त्यात स्पष्ट आहे की मुलाची पहिली जबाबदारी त्याच्या कुटुंबाची, आणि संस्थेत ठेवणं हा अगदी शेवटचा उपाय, सगळे रस्ते बघून झाल्यावरचा. कलम ४० म्हणतं की बालगृहाचं मुख्य कामच मूल परत घरच्यांकडं पोचवणं. संयुक्त राष्ट्रांच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत तर थेट लिहिलंय की फक्त गरिबीमुळं मूल आईबापांपासून वेगळं करू नये, गरिबी दिसली तर कुटुंबाला मदत करावी.

हे मी एवढं लांबवतेय कारण या भीतीपोटी जे होतं ते आम्ही डोळ्यांनी बघितलंय. बाई लसीला जात नाही कारण नर्स पत्ता विचारेल. आंगनवाडीत नाव घालत नाही. मूल तापानं फणफणलं तरी हॉस्पिटलच्या बाहेर राहून आत जात नाही, अक्षरशः गेटसमोर बसून. लपून राहिल्यानं मूल वाचत नाही, उलट कुठंच नोंद नसलेलं मूल हरवलं तर ते तुमचं आहे हे दाखवायलाही काही उरत नाही. नोंद असू द्या, नोंदच तुम्हाला वाचवते.

मग समिती मूल ठेवून घेते तरी कधी?

मारहाण होत असेल, लैंगिक अत्याचाराचा संशय असेल, मुलाला भीक मागायला किंवा कामाला लावलं असेल, विकायचा किंवा लग्न लावायचा धोका असेल, आईबाप दारूत किंवा आजारात मुलाकडं बघूच शकत नसतील, किंवा मूल एकटं सापडलं आणि कोणी आलंच नाही. अशा वेळी मुलाला आधी सुरक्षित ठेवणं बरोबरच आहे, यात आमचं दुमत नाही. प्रत्येक घर मुलासाठी चांगलंच असतं असं आम्ही मानत नाही. पण फाटके कपडे, अंगावर धूळ, दुपारी अकरापर्यंत पोहे मिळाले नाहीत, ही कारणं यात येत नाहीत.

पोरगं नेलंय. आता काय करू?

रडत बसू नका आणि गावी तर अजिबात जाऊ नका. ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. बाया घाबरून गावी निघून जातात आणि मग कागदावर होतं की पालक आले नाहीत.

मूल कोणीही ताब्यात घेतलं असेल, पोलीस, चाईल्डलाईन, कोणीही, त्यांना २४ तासांच्या आत मुलाला समितीपुढं आणावंच लागतं, प्रवासाचा वेळ सोडून. जवळच्या थान्यात जा, मूल कुठं नेलं विचारा, १०९८ या मुलांच्या हेल्पलाईनवर फोन करा. मग समितीत जा. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, निदान एक बाई असतेच. जाताना मूल तुमचं आहे हे दाखवणारं जे असेल ते न्या: लसीचं कार्ड, हॉस्पिटलची डिस्चार्जची चिठ्ठी, आंगनवाडीत नाव, शाळेचं काही, मोबाईलमधले जुने फोटो, काहीच नसेल तर तुम्हाला ओळखणारी दोन माणसं, चहाच्या टपरीवाला सुद्धा चालतो, आमच्या एका केसमधे त्याच्याच सांगण्यावर काम झालं. त्यानं सांगितलं की ही बाई तीन वर्षांपासून रोज सकाळी या पोरासाठी अर्धा कप दूध घेते.

समिती घरची चौकशी करायला सांगते, ती १५ दिवसांत व्हायला हवी, आणि शेवटचा आदेश पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांच्या आत. या मधल्या काळात प्रत्येक तारखेला हजर राहा, मुलाला भेटायची परवानगी मागा, अर्ज लिहून द्या आणि त्याच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. हे फार गरजेचं आहे कारण लहान बाळाच्या बाबतीत कोणीच पुढं आलं नाही तर दोन वर्षांपर्यंतच्या बाळाला दोन महिन्यांत आणि त्याहून मोठ्या मुलाला चार महिन्यांत दत्तकासाठी मोकळं जाहीर करता येतं.

आदेश पटला नाही तर ३० दिवसांत अपील करता येतं. समितीच्या कामाबद्दल तक्रार असेल तर ती कलेक्टरकडं करता येते, मोती तबेल्यातल्या कलेक्टर ऑफिसात दर मंगळवारी जनसुनवाई असते तिथं अर्ज द्या. आणि वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका, बाया आणि मुलं यांना कमाई न बघता फुकट वकील मिळतो, जिल्हा कोर्टातल्या विधिक सेवा प्राधिकरणात जायचं किंवा १५१०० वर फोन करायचा.

रैन बसेऱ्यात (रात्रीच्या निवाऱ्यात) आम्ही सगळे एकत्र राहू शकतो का?

कधी हो, कधी नाही, आणि हेच खरं दुखणं आहे. शहरी बेघरांच्या आश्रयस्थळांसाठी केंद्राची जी योजना २०१३ पासून चालली तिचे नियम चांगले होते: दर एक लाख लोकसंख्येमागं निदान शंभर माणसांची कायमची सोय, माणशी ५० चौरस फूट जागा, वर्षभर आणि दिवसरात्र उघडं, बायांसाठी आणि कुटुंबांसाठी वेगळी आश्रयस्थळं. त्याच्याही आधी सुप्रीम कोर्टानं अन्नाच्या हक्काच्या केसमधे २०१० साली शहरांना निवारे उभारायला सांगितलं होतं.

पण प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी पुरुषांचा हॉल एक आणि बायांचा हॉल एक. बाई लहान पोरांना घेऊन तिच्या बाजूला जाते, नवरा दुसरीकडं आणि बारा-तेरा वर्षांचा मुलगा असेल तर त्याला बायांच्या हॉलमधे घेत नाहीत आणि पुरुषांच्या हॉलमधे अनोळखी माणसांत त्याला एकट्याला ठेवायची आईची हिंमत होत नाही. मग ती सगळ्यांना घेऊन परत फुटपाथवर येते आणि लोक म्हणतात, बघा, यांना सोय दिली तरी राहत नाहीत. कृपा करून असं म्हणू नका. तुमचा मुलगा असता तर तुम्ही काय केलं असतं.

जायच्या आधी तीनच गोष्टी विचारा: मुलाचं वय किती चालतं, सामान ठेवायला जागा आहे का, आणि सकाळी किती वाजता बाहेर काढतात. आधार कार्ड नाही म्हणून परत पाठवलं तर १८१ वर सीएम हेल्पलाईनला तक्रार नोंदवा, नंबर मिळतो, तो जपून ठेवा.

झोपडी तोडायला गाडी आलीय. नोटीस लागते ना?

जागा कुठली आहे त्यावर आहे. १३ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की कुठलंही बांधकाम पाडायच्या आधी निदान १५ दिवसांची नोटीस, बाजू मांडायची संधी, लेखी आदेश हे सगळं हवं. पण रस्ता, फुटपाथ, रेल्वे लाईन, नदी-तलाव अशा सार्वजनिक जागेवरच्या बांधकामाला हा आदेश लागू नाही हेही त्याच निकालात आहे, त्यामुळं व्हॉट्सअपवर अर्धाच मेसेज वाचून गाडीसमोर उभे राहू नका.

फुटपाथवाल्यांसाठी जुना निकाल आहे, मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांचा, १९८५ चा ओल्गा टेलिस केस. त्यात कोर्टानं मानलं की कमाईचं साधन हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि हटवायच्या आधी कळवणं, ऐकून घेणं हाच नियम. हटवायला मात्र मनाई केली नाही, पावसाळा जाईपर्यंत थांबा म्हटलं. म्हणून लेखी काय आहे ते मागा, मोबाईलवर फोटो घ्या, मुलांची परीक्षा चालू असेल तर शाळेकडून लिहून आणा आणि त्याच दिवशी विधिक सेवामधे जा.

आणि सगळ्यात आधी कागदांची पिशवी हातात घ्या. गॅस नाही, गादी नाही, पिशवी. मागच्या वर्षी एका कारवाईत एका बाईचं पूर्ण बोचकं ट्रकात गेलं, त्यात दोन्ही पोरांचे जन्माचे दाखले होते. ती ट्रकामागं पळत होती आणि ओरडत होती, भांडी घेऊन जा, पन्नी (प्लास्टिकची पिशवी) देऊन जा. ते दाखले परत काढायला आम्हाला पाच महिने लागले.

नवऱ्यानं पोरांसकट बाहेर काढलंय. घर सासूच्या नावावर आहे.

तरीही तुम्हाला त्या घरात राहायचा हक्क आहे. घरगुती हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात हेच आहे की लग्नानंतर जिथं एकत्र राहिलात त्या घरातून असं काढता येत नाही, घर कुणाच्याही नावावर असो. महिला बाल विकासच्या संरक्षण अधिकाऱ्याकडं किंवा वन स्टॉप सेंटरमधे जा, तिथं थोडे दिवस राहायची सोय, वकील, पोलीस, सगळं एका जागी मिळतं. मुलं बरोबरच न्या. मागं ठेवून आलेल्या बायांना नंतर मुलं भेटायला फार त्रास झालेला आम्ही बघितलाय.

शाळेत पत्ता मागतात, टीसी मागतात, आधार मागतात, समग्र आयडी मागतात. आमच्याकडं काहीच नाही.

नसू दे. (समग्र आयडी म्हणजे मध्य प्रदेश सरकारचा कुटुंबाच्या ओळखीचा नंबर.) सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळा नाही म्हणू शकत नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू, त्याची चार कलमं पाठ करून ठेवा, आम्ही तर आयांकडून तोंडपाठ करून घेतो. कलम ४: मूल कधीच शाळेत गेलं नसेल तरी वयाप्रमाणं वर्गात बसवायचं आणि मागं राहिलेलं भरून काढायला वेगळं शिकवायचं. कलम ५: टीसी उशिरा आली म्हणून अडवायचं नाही. कलम १४: वयाचा पुरावा नाही म्हणून नाकारायचं नाही. कलम १५: वर्ष सुरू होऊन गेलं असलं तरी प्रवेश द्यायचा. आणि आधारचं म्हणाल तर २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सुप्रीम कोर्टानं म्हटलंय की आधार नाही म्हणून कुठल्याही मुलाचा फायदा रोखायचा नाही.

तरी अडवतात. मी स्वतः एका सरकारी शाळेत नऊ वर्षांच्या पोरीला घेऊन गेले होते. मॅडम वाईट नव्हत्या, त्यांचं म्हणणं पोर्टलवर समग्र आयडीशिवाय नावच चढत नाही तर मी काय करू. पोरगी दारात उभी राहून भिंतीवरची बाराखडी वाचत होती, क ख ग घ पर्यंत नीट आणि पुढं अंदाजानं. मी म्हटलं मॅडम, पोर्टलवर नंतर चढवा, आज रजिस्टरमधे चढवा आणि वर्गात बसवा, कायद्यात वर्गात बसणं आहे, पोर्टल नाही. मग त्यांनी एक कोरा कागद दिला, त्यावर अर्ज लिहिला आणि पोरगी आत गेली. समग्र आयडी नंतर झोन ऑफिसमधून झाला, तीन चकरा मारून.

म्हणजे तोंडी भांडू नका, अर्ज लेखी द्या आणि नाकारलं तर नकार पण लेखी मागा. लेखी नकार द्यायला कोणी तयार होत नाही आणि तिथंच बरंच काम होऊन जातं.

दुसरं म्हणजे प्रवेश होऊन भागत नाही. मूल रोज कुठून येईल, आंघोळ कुठं करेल, दप्तर पावसात कुठं ठेवेल, हे विचारा. आमच्या वर्गातली तीन मुलं दप्तर शाळेच्या शिपाईकाकांकडं ठेवून येतात, एवढ्या एका गोष्टीनं त्यांची हजेरी सुधारली.

जन्माचा दाखला नाही आणि मूल आता सात वर्षांचं आहे.

निघतो, फक्त चकरा जास्त. २१ दिवसांत नोंद केली तर फुकट, ३० दिवसांपर्यंत थोडी फी, एक वर्षापर्यंत लेखी परवानगी आणि स्वतःची सही केलेला कागद, एक वर्षाच्या पुढं गेलं तर एसडीएमसारख्या दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. जन्म हॉस्पिटलात झाला असेल तर आधी तिथला रेकॉर्ड काढा, अर्ध काम तिथंच होतं. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी तर हा दाखलाच पुढं सगळीकडं मुख्य पुरावा राहणार आहे, म्हणून आत्ता कुशीत बाळ असलेल्या प्रत्येकीला आम्ही पहिलं हेच विचारतो, दाखला काढला का. दाखला निघाला की बाळाचा आधार पण करून घ्या, पाच वर्षांच्या आत बोटांचे ठसे लागत नाहीत, आईचा किंवा बापाचा आधार चालतो.

आंगनवाडी, रेशन, व्होटर कार्ड यातलं आम्हाला काय मिळू शकतं?

सहा वर्षांच्या आतल्या मुलाला आणि गरोदर, अंगावर पाजणाऱ्या आईला आंगनवाडीतून खाणं मिळतं, २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात आहे. रेशन कार्ड गावचं असलं तरी इंदूरच्या दुकानात धान्य उचलता येतं, वन नेशन वन रेशन कार्डमुळं, अंगठा लागतो फक्त. व्होटर कार्डाचं लोकांना माहीतच नाही: बेघर माणसाला पत्त्याचा कागद लागत नाही, फॉर्म ६ मधे जिथं झोपता ती जागा लिहायची आणि बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारा माणूस, रात्री येऊन बघतो की तुम्ही खरंच तिथं झोपता. ज्यांच्याकडं कार्ड आलं त्यांचं पार्षदाकडं (नगरसेवकाकडं) जरा ऐकलं जातं, हा आमचा अनुभव.

पैशाची काही मदत आहे का, की सगळं संस्थेत टाकलं तरच मिळतं?

आहे, आणि हेच कमी लोकांना माहीत आहे. मिशन वात्सल्य या केंद्राच्या मुलांसाठीच्या योजनेत स्पॉन्सरशिप म्हणून आहे, मुलाला घरच्यांकडंच ठेवून महिन्याला ४,००० रुपये. आई विधवा, सोडलेली, घटस्फोटित असेल, आईबापांना मोठा आजार असेल, अनाथ मूल नातेवाईकांकडं राहत असेल, आणि त्या यादीत बेघर मूलही आहे. शहरात वर्षाची कमाई ९६,००० च्या आत हवी, गावात ७२,०००. अर्ज जिल्हा बाल संरक्षण युनिटमधे, मंजुरी कलेक्टरच्या कमिटीत. मध्य प्रदेशात आईबाप दोन्ही गेलेल्या आणि नातेवाईकांकडं असलेल्या मुलांसाठी मुख्यमंत्री बाल आशीर्वाद योजना पण आहे.

आमचं ठाम मत आहे की चार हजारांत एका खोलीच्या भाड्याला मोठा हातभार लागतो आणि मूल आईजवळ राहतं, यासारखी दुसरी योजना नाही. बँक खातं लागतं, तिथं अडतं, म्हणून आधी खातं उघडा.

ताई, हे सगळे कागद फुटपाथवर ठेवायचे कुठं?

आमच्या एका आईची पद्धत आता आम्ही सगळ्यांना सांगतो. दुधाची जाड पन्नी धुऊन वाळवायची, त्यात कागद, ती दुसऱ्या पन्नीत उलटी घालायची, तोंड मेणबत्तीवर चिकटवायचं आणि परकराच्या आतल्या खिशात शिवून टाकायचं. शिवाय आम्ही प्रत्येक कागदाचा फोटो काढून आमच्या चार फोनमधे ठेवतो आणि झेरॉक्सचा एक सेट आंगनवाडीच्या ताईंकडं. मूळ लसीचं कार्ड त्या आईनं आम्हाला उघडून दाखवलं तेव्हा सहा वर्षांचं होतं आणि एक घडी सोडली तर कोरं करकरीत.

सिग्नलवर भीक मागणाऱ्या मुलाला पैसे द्यायचे का?

आम्ही देत नाही. पण काच वर करून तोंडही फिरवत नाही.

इंदूर त्या दहा शहरांत होतं जिथं केंद्रानं भीक मागणाऱ्यांच्या पुनर्वसनाचा प्रयोग सुरू केला, आणि १ जानेवारी २०२५ पासून भीक देणाऱ्यावरही गुन्हा नोंदवू असं जिल्हा प्रशासनानं जाहीर केलं होतं. मुलाला भीक मागायला लावणाऱ्याला किशोर न्याय कायद्याच्या कलम ७६ मधे पाच वर्षांपर्यंत शिक्षा आणि एक लाख दंड आहे. पण भीक मागणारं मूल स्वतः गुन्हेगार नाही, कायद्यात ते मदतीची गरज असलेलं मूल आहे, आणि आईही बहुतेक वेळा दुसरा रस्ता नाही म्हणून तिथं असते. जुलै २०२१ मधे सुप्रीम कोर्टानंही म्हटलं होतं की लोक हौसेनं भीक मागत नाहीत.

आपलं शहर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं येतंय, आम्हालाही अभिमान आहे. पण जानेवारी २०२१ मधे याच शहरातल्या बेघर म्हाताऱ्या माणसांना नगर निगमच्या (महापालिकेच्या) गाडीत भरून शिप्रा गावाजवळ सोडायला नेलं होतं, गावकऱ्यांनी अडवलं म्हणून ते परत आले. माणसं हलवली की प्रश्न सुटला असं वाटायला लागतं, त्याची भीती वाटते.

फुटपाथवरच्या एका बाईला चौथं बाळ झालंय, ती द्यायला तयार आहे. आमच्या नात्यात एकांना मूल नाही. बोलणं करून द्याल का?

नाही. भावना समजते, पण नाही. पैसे देऊन किंवा घेऊन मूल देणं-घेणं म्हणजे पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख दंड, मग नाव त्याला हॉस्पिटलचा खर्च द्या नाहीतर साडीचोळी द्या. बाळंतिणीचा, उपाशी बाईचा होकार हा होकार धरू नका. तिला खरंच सांभाळणं शक्य नसेल तर ती समितीपुढं मूल सोपवू शकते, त्यात तिचं समुपदेशन होतं आणि विचार बदलायला दोन महिने मिळतात. तुमच्या नातेवाईकांनी ‘कारा’मधे (CARA, दत्तकाचं काम बघणारी केंद्राची संस्था) नाव नोंदवावं. आणि टाकून दिलेलं बाळ सापडलं तर घरी नेऊन ठेवू नका, २४ तासांत कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे.

मदत वाटताना मुलांचे फोटो टाकले तर चालतं ना? लोकांना प्रेरणा मिळते.

नका टाकू. समितीपुढं आलेल्या मुलाचं नाव, चेहरा, शाळा, काहीही छापलं तर सहा महिन्यांपर्यंत शिक्षा किंवा दोन लाखांपर्यंत दंड आहे. बाकी मुलांचंही नका टाकू. आमच्या वर्गातला एक मुलगा सातवीत आहे, त्याच्या वर्गमित्राला तीन वर्षांपूर्वीचा ब्लँकेट वाटपाचा फोटो सापडला आणि त्यानं ग्रुपवर टाकला. मुलगा आठ दिवस शाळेत गेला नाही. फोटो टाकणारे आपलेच लोक होते आणि चांगले लोक होते.

रात्री उशिरा मूल दिसलं तर त्या क्षणी काय करायचं?

आधी बघा एकटं आहे की कोणी जवळ आहे. एकटं, हरवलेलं, जखमी असेल तर १०९८ किंवा ११२, आणि कोणी येईपर्यंत तिथंच थांबा. गाडीत बसवू नका, बाजूच्या दुकानदाराला बोलवून घ्या म्हणजे मूल घाबरत नाही आणि तुमच्यावरही आळ येत नाही. तुमचं स्वतःचं मूल हरवलं असेल तर थान्यात लगेच एफआयआर नोंदवायलाच लागतो, २०१३ चा सुप्रीम कोर्टाचा आदेश आहे, चोवीस तास थांबा म्हणाले तर ऐकू नका.

आईबापांबरोबर असेल तर १०९८ च्या आधी त्यांच्याशी बोला. उभ्यानं नाही, खाली बसून. मुलाचं नाव विचारा, जेवलं का विचारा, पण पत्ता विचारू नका, पहिल्या दिवशी तरी नको. आजारी असेल तर १०८ बोलवा आणि हॉस्पिटलमधे बरोबर जा, कारण कॅज्युअल्टीच्या खिडकीवर कोणी बरोबर असलेल्या बाईकडं वेगळ्या नजरेनं बघितलं जातं, हे चुकीचं आहे पण आहे. दुसऱ्या दिवशी परत जा. बहुतेक आया दुसऱ्या किंवा तिसऱ्या भेटीत पन्नी काढतात.